युरुमांगी : गोत्र न सापडलेली भाषा

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर युरुमांगी नांवाची एक नदी डोंगरांतून उतरून पॅसिफिक महासागरास मिळते. आज तिच्या कांठीं मुख्यत्वें आफ्रिकी वंशाचे लोक राहतात. स्पॅनिश अमलांत सोन्याच्या खाणींवर राबविण्यासाठीं जे गुलाम आणले गेले, त्यांचे हे वंशज होत. याच प्रदेशांत पूर्वीं युरुमांगी नांवाचे मूळ रहिवासी होते. ते नाहींसे झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाहि गेली. नदीला मात्र त्यांचें नांव राहिलें.

त्या भाषेचा अवशेष म्हणजे शब्दांची एक लहानशी यादी. ख्रिस्तोबाल रोमेरो या पाद्र्यानें ती टिपून घेतली आणि सेबास्तियन लांचास दे एस्त्रादा या कप्तानानें ती १७६८ सालच्या आपल्या प्रवासवृत्तांतांत घातली. स्पॅनिश कानांनीं ऐकलेले व स्पॅनिश अक्षरांत बसविलेले हे शब्द १९४० सालीं आर्सिला रोब्लेदो यांनीं छापून प्रसिद्ध केले.

याच सुमारास नाझींनीं व्यापिलेल्या फ्रान्समधून निसटलेले मानववंशशास्त्रज्ञ पॉल रिव्हे कोलंबियांत आले होते. १९४२ सालीं त्यांनीं एक निबंध लिहून युरुमांगी ही ‘होकान’ कुळांतील भाषा असल्याचें प्रतिपादन केलें. हें कुळ डिक्सन व क्रोबर या अमेरिकन पंडितांनीं १९१३ सालीं मुख्यतः कॅलिफोर्नियांतील भाषांसाठीं कल्पिलें होतें. त्याचें नांवहि त्या भाषांतील ‘दोन’ या अर्थाच्या शब्दावरून घेतलेलें आहे. कॅलिफोर्निया तेथून पांच हजार किलोमीटरांहून अधिक दूर! रिव्हे यांचें म्हणणें खरें ठरतें, तर अमेरिका खंडांतील एका प्राचीन स्थलांतराचा तो पुरावा झाला असता.

परंतु नुसत्या साम्यावरून नातें सिद्ध होत नाहीं. ‘बदनाम’ या शब्दांतील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ सारखा व अर्थहि एकच. तरीहि ते एका मूळाचे नव्हेत, तो केवळ योगायोग आहे. उलट संस्कृत ‘पितृ’ व इंग्रजी ‘फादर’ हे दिसावयास वेगळे, पण सगोत्र आहेत. कारण ‘पद’ आणि ‘फूट’ यांतहि ‘प’च्या जागीं तसाच ‘फ’ येतो. असा नियम शब्दामागून शब्दांत आढळला, म्हणजे नातें पटतें. नियम शोधावयास शब्द पुष्कळ हवेत, आणि युरुमांगीची सारी पुंजी त्या एका यादींत आहे. त्यांतून होकान कुळाचें ऐक्यच अद्याप सर्वमान्य झालेलें नाहीं. जें घर उभें आहे कीं नाहीं याचीच शंका, त्यांत पाहुण्याला जागा कोठून द्यावी?

तरीहि १९८७ सालीं जोसेफ ग्रीनबर्ग यांनीं आपल्या ग्रंथांत युरुमांगीला होकान कुळांत स्थान दिलें. विल्यम पोझर यांनीं १९९२ सालीं त्या ग्रंथांतील युरुमांगी शब्द मूळ साधनांशीं ताडून पाहिले, तों त्यांत ठिकठिकाणीं चुका निघाल्या. १९९७ सालीं लाइल कॅम्पबेल यांनींहि रिव्हे यांचा पुरावा अपुरा ठरविला. आज ही भाषा सामान्यतः एकाकी, म्हणजे कोणत्याहि कुळाशीं नातें सिद्ध न झालेली, अशी गणली जाते.

हा निर्णय निराशेचा वाटेल. पण खोटी वंशावळ ही वंशावळ नसण्याहून वाईट. एकदां नकाशांत चुकीचा रंग भरला, कीं त्यावरून लोकांच्या स्थलांतराचा इतिहास रचला जातो, आणि पुढील ग्रंथकार तोच प्रमाण मानून चालतात. ज्या लोकांनीं स्वतःचा इतिहास लिहून ठेविला नाहीं, त्यांच्यावर दुसऱ्यांचा पूर्वज लादणें हा अन्यायच होय. त्यांच्या वतीनें साक्ष द्यावयास रोमेरो यांचे थोडेसे शब्द तेवढे उरले आहेत. त्या शब्दांतून जितकें सिद्ध होतें तितकेंच सांगून थांबणें, हेंच येथें अभ्यासकाचें कर्तव्य ठरतें.