तिकिटावरची आगगाडी

जगातले पहिले टपाल तिकीट, म्हणजे ‘पेनी ब्लॅक’, ६ मे १८४० रोजी वापरात आले. त्यामागचे डोके रोलंड हिल यांचे. हेच हिल १८४३ मध्ये लंडन–ब्रायटन रेल्वेच्या संचालक मंडळावर गेले आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. हा नुसता योगायोग नव्हे. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर नोव्हेंबर १८३० मध्येच टपालाच्या थैल्या आगगाडीत चढल्या होत्या, आणि १८३८ मध्ये घोडे नेण्याचा एक डबा बदलून त्यात धावत्या गाडीत पत्रे निवडायची सोय झाली होती. देशात कुठेही एका पेनीत पत्र पोहोचवायचे, तर एवढा भार घोड्यांच्या पाठीवर पेलला नसता. तिकीट आणि आगगाडी एकमेकांच्या आधाराने वाढली. तिकिटांवर आगगाडी इतक्या लवकर का अवतरली, याचे उत्तर मला तरी इथेच दिसते.

तिकिटावर इंजिन आले ते १८६० मध्ये, आज कॅनडात असलेल्या न्यू ब्रन्सविक वसाहतीत. तिथे शिलिंग-पेन्स जाऊन सेंट आले, म्हणून नवी तिकिटे काढावी लागली. एक सेंटच्या तिकिटावर वाफेचे इंजिन आले, साडेबारा सेंटवर आगबोट. त्याच वर्षी सेंट जॉन ते शेडियॅक हा लोहमार्ग पुरा झाला होता, तेव्हा इंजिन हा तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोरचा ताजा अभिमान होता. ही मालिका मात्र गाजली ती वेगळ्याच कारणाने. पोस्टमास्टर जनरल चार्ल्स कॉनेल यांनी पाच सेंटच्या तिकिटावर राणीऐवजी स्वतःची छबी छापवली. गदारोळ उठला आणि त्यांना पद सोडावे लागले. छबी गेली, इंजिन राहिले.

अमेरिकेने १८६९ मध्ये तीन सेंटच्या तिकिटावर इंजिन घेतले. खंडाच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग त्याच वर्षी मे महिन्यात जुळला होता. पण थोर पुरुषांचे चेहरे पाहायची सवय जडलेल्या लोकांना ही चित्रे रुचली नाहीत, आणि वर्षभरातच ती मालिका बदलली गेली.

स्मारक तिकिटाची कुळकथा शोधत गेले, की वाट पेरूपर्यंत जाते. लिमा शहर आणि कायाओ बंदर यांच्यामधली रेल्वे १८५१ मध्ये सुरू झाली. तिला वीस वर्षे झाली तेव्हा, १८७१ मध्ये, पेरूने पाच सेंटावोचे लाल तिकीट काढले. त्यावर उठावाने छापलेले इंजिन, खाली देशाचे राजचिन्ह, आणि भोवती चोरियोस, लिमा, कायाओ या तीन गावांची नावे. एखाद्या घटनेची आठवण म्हणून निघालेले हे जगातले पहिले तिकीट, असे अनेक संग्राहक मानतात. काहींना ते मान्य नाही: तिकिटावर वर्धापनाचा उल्लेखच नाही, म्हणून पहिलेपणाचा मान ते न्यू साउथ वेल्सच्या १८८८ च्या शताब्दी तिकिटांना देतात. माझा कौल पेरूला आहे. तिकिटावर ज्या तीन गावांची नावे कोरायची, त्यांना जोडणारी गाडीच मध्ये बसवायची, यापेक्षा स्पष्ट स्मरण आणखी कोणते हवे?

आपल्याकडे हे चित्र यायला वेळ लागला. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि साऱ्या हिंदुस्थानासाठीची तिकिटे १८५४ मध्ये आली. म्हणजे दोन्हींचे वय जवळपास सारखे. अलाहाबाद–कानपूर मार्गावर १८६३ मध्ये धावत्या गाडीत टपाल निवडणे सुरूही झाले. तिकिटांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या राजा-राणीचे मुखवटेच होते. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या मालिकेत टपालाची सगळी वाहने एका ओळीत उभी राहिली: दोन आण्यांवर पायी धावणारा हरकारा, मग बैलगाडी, टांगा, उंट, चार आण्यांवर मेल गाडी, पुढे आगबोट, लॉरी आणि बारा आण्यांवर विमान. राजाचा चेहरा एका कोपऱ्यात सरकला होता. मला ही मालिका फार प्रिय आहे. टपाल खात्याने आपल्याच कष्टकऱ्यांचा आणि जनावरांचा असा सन्मान क्वचितच केला असेल.

खरे रेल्वेचे स्मारक तिकीट आले ते शताब्दीच्या दिवशी, १६ एप्रिल १९५३ ला. दोन आणे किमतीचे, काळ्या रंगाचे. त्यावर १८५३ चे इंजिन आणि १९५३ चे इंजिन. देशाची तिकिटे तेव्हा नाशिकरोडच्या छापखान्यात छापली जात, आणि ते गाव वसले आहे त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गावर, जिची पहिली गाडी शंभर वर्षांपूर्वी बोरीबंदरहून सुटली होती. पत्राच्या पाकिटाला तेव्हा दोन आणेच लागत. त्यामुळे हे तिकीट अल्बमपुरते उरले नाही, घरोघरच्या पत्रांवरून फिरले.

मला कोऱ्या, गोंद शाबूत असलेल्या तिकिटापेक्षा शिक्का बसलेले तिकीट जास्त मोलाचे वाटते, आणि रेल्वेच्या तिकिटांच्या बाबतीत तर नक्कीच. त्यावर रेल्वे मेल सर्व्हिसचा, म्हणजे ‘आरएमएस’चा शिक्का असेल तर सोन्याहून पिवळे. त्या गोल शिक्क्यात विभागाचे अक्षर असते, सेटचा, म्हणजे पत्रे निवडणाऱ्या तुकडीचा, क्रमांक असतो, गाडी जातानाची की परततानाची हेही अनेकदा कळते. गाडीच्या चित्रावर धावत्या गाडीतच बसलेला तो ठसा असतो. म्हणून असे तिकीट पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवू नये. पाकीट अख्खेच ठेवावे. धावत्या डब्यातली ती निवडणी आता बंद झाली आहे, तेव्हा अशी पाकिटे यापुढे वाढणार नाहीत.

आपल्याकडच्या १९७६ च्या चार इंजिनांच्या संचात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे १८५३ चे इंजिन दोन रुपयांच्या तिकिटावर पुन्हा भेटते. १९९३ च्या डोंगरी इंजिनांच्या संचात नेरळ–माथेरानची छोटी गाडी एक रुपयाला मिळाली. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–सिमला यांना सहा, आठ आणि अकरा रुपये. एक रुपया हा देशातल्या साध्या पत्राचा दर होता. त्यामुळे चौघींत माथेरानचीच गाडी सर्वांत जास्त घरी पोहोचली असणार.

आता पत्रेच कमी झाली, तरी तिकीट वापरायची एक सुंदर पद्धत संग्राहकांनी टिकवली आहे: मॅक्सिमम कार्ड. एक चित्रकार्ड घ्यायचे, त्याच्या चित्राच्या बाजूला त्याच विषयाचे तिकीट लावायचे आणि विषयाशी नाते असलेल्या गावच्या टपाल कार्यालयाचा शिक्का मारून घ्यायचा. चित्र, तिकीट आणि शिक्का, तिन्ही एकच गोष्ट बोलली पाहिजेत. १६ एप्रिल २००९ ला चार जुन्या स्थानकांची तिकिटे निघाली, त्यात मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनसही होते. त्या इमारतीचे कार्ड, तेच तिकीट आणि स्थानकालगतच्या मुंबई जीपीओचा शिक्का. हे सगळे जुळवायला पाच मिनिटांची पायपीट पुरते.