सुट्टी

घोडनदीच्या एसटी स्टँडसमोर आमची टपरी होती. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. शाळा सुटली की मी अण्णांच्या हाताखाली बसायचो. टपरीच्या खांबाला सुंभ टांगलेला, त्याचं टोक दिवसभर धुमसत असायचं. गिऱ्हाईक यायचं, फळीवर नाणं ठेवायचं आणि म्हणायचं, "एक सुट्टी द्या." सुट्टी म्हणजे बंडलातून काढलेली एक विडी, नाहीतर पाकिटातली एक सिगारेट. अख्खं बंडल घेणारा पगारदार असायचा, रेल्वेतला नाहीतर कचेरीतला. मार्केट यार्डातला हमाल पोत्यागणिक कमवायचा आणि विडीगणिक खर्च करायचा. ऊसतोडीला आलेल्या माणसाला तेही जमत नसे, त्याची वही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत टोळीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे अण्णा काड्या मारत जायचे.

तंबाखू पोर्तुगिजांनी आणली असं शाळेत शिकवतात. पण अकबराच्या दरबारात ती पोचली ती दख्खनमधून. असदबेग नावाचा सरदार विजापूरला गेला होता, तो १६०५ च्या आसपास येताना तंबाखू आणि जडावाचा हुक्का घेऊन आला. हकिमांनी नाकं मुरडली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीच घातली. त्या बंदीचं काय झालं, ते मला टपरीवर बसून रोज दिसत होतं.

विडीचं पान गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातलं, तंबाखू निपाणीकडची, वळणारे हात सिन्नरच्या, नगरच्या, सोलापूरच्या बायकांचे. मजुरी हजार विड्यांवर. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशींबरोबर भावासाठी महामार्ग अडवून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. आमच्या फळीवर विडी होती तितक्याच पैशाला राहिली. त्यात शेतकऱ्याचे किती, वळणारीचे किती आणि अण्णांचे किती, हा हिशेब मी तेव्हा कधी मांडला नाही.

विडी आणि सिगारेट यांच्यात पैशाचा फरक होताच, पण त्याहून मोठा फरक मानाचा. मास्तर लोक विडी ओढत नसत, निदान स्टँडवर तरी नाही. लग्नात वरपक्षापुढे तबकात सिगारेटी मांडून ठेवायची रीत होती. घरी विडी ओढणारा पाहुणासुद्धा त्यातली एक उचलून कानामागे ठेवायचा. बायकांना धूर वर्ज्य. मशेरी मात्र राजरोस चालायची, कारण ती कोणाला दिसत नव्हती. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास गल्लीभर असे आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नसे.

माझे मामा दौंडला लोको शेडमध्ये फायरमन होते. मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. तिथल्या कित्येक घरांची चूल रेल्वेवर. फावड्यावर भट्टीतला निखारा घ्यायचा आणि त्यावर विडी शिलगावायची, हा मामांचा थाट. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं, निखाराही गेला आणि तेलाजवळ काडी ओढायची सोयही. मामांनी विडी सोडली. मामी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली. मामांच्या कमरेला मात्र चंची आली होती.

हेच पुढे साऱ्या तालुक्यात झालं. रांजणगावला गणपतीच्या शेजारी एमआयडीसी आली, शेतकऱ्यांची पोरं पाळीवर जाऊ लागली. बहुतेक कारखान्यांच्या गेटवर काडेपेटी, लायटर काढून घेतात. (त्याच एमआयडीसीत आयटीसीचा सिगारेटचा कारखाना आहे, हा भाग वेगळा.) गायछापची पुडी मात्र खिशात राहते. बार भरला की तोंड बंद, हात मोकळे. सुपरवायझरची तक्रार नाही. २००८ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली, तिनेही पुडीचंच फावलं. २०१२ मध्ये राज्यात गुटखा बंद झाला, तर टपऱ्यांवर मावा घोटला जाऊ लागला. २०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे, लावणारे निघाले आणि ओढणारे अवघे ३.८ टक्के. आमच्याकडे धूर सुटलेला माणूस पुडीकडे गेला. माझ्या वर्गातले दोघे तोंडाच्या कॅन्सरने गेले. दोघांनीही सिगारेट कधी हातात धरली नव्हती.

परदेशात सिगारेट सोडणाऱ्याला दुसरी वाट मिळाली. होन लिक या चिनी फार्मसिस्टने २००३ साली शोधलेली विजेची सिगारेट इंग्लंडात चांगलीच रुजली. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना ती पुरवण्याची योजना जाहीर केली. तिथे करामुळे सिगारेटचं पाकीट इतकं महाग, की नळी स्वस्त पडते. आपल्याकडे विडीपेक्षा स्वस्त काय पडणार? आयटीसीनेही २०१४ मध्ये 'इऑन' नावाची ई-सिगारेट काढून पाहिली होती. मग १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला. ओढणाऱ्याला शिक्षा नाही. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वटहुकूम आला त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले. विडी, सिगारेट, पुडी जागच्या जागी राहिली. मला या कायद्याचा राग नाही. पण तंबाखूतली नवी वस्तू तेवढी बाद आणि जुन्या साऱ्या शाबूत, यात तब्येतीच्या काळजीपेक्षा सरकारी तिजोरीचा हिशेब मला जास्त दिसतो.

तरी ती नळी आमच्या घरात आलीच. भाचा खराडीला कॉम्प्युटरवर काम करतो. दिवाळीला आला तेव्हा गच्चीवर आंब्याचा वास आला. "मामा, मी सिगारेट सोडली," तो म्हणाला आणि बोटाएवढी निळी डबी दाखवली. १,८०० रुपये दिले होते, कोणाकडून घेतली ते सांगितलं नाही. ना राख, ना थोटूक, आईला धुराचा वास नाही, घरमालकाची कटकट नाही. म्हणजे आजीच्या मशेरीची सोय त्याला मिळाली होती, फक्त ती घ्यायला खराडीचा पगार लागत होता. यार्डातल्या हमालाला त्या पैशांत किती बंडलं येतील ते मी मोजू लागलो आणि सोडून दिलं. अण्णांनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"हे सुट्टं मिळतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आजोबा."

"मग आपल्याकडं नाही चालायचं," म्हणत अण्णांनी डबी परत दिली.

सुट्ट्या विडी-सिगारेटीच्या विक्रीलाही राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली आहे. अण्णांनी टपरी त्याआधीच दुसऱ्याला चालवायला दिली होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर डबीचं चार्जिंग संपलं आणि गावातली वीजही गेली. भाचा म्हणाला, "मामा, जरा स्टँडपर्यंत जाऊन येऊ." टपरीवर बॅटरीचा दिवा होता. सुंभाच्या जागी आता दोरीला बांधलेला लायटर लोंबतो. "एक सुट्टी द्या," भाचा म्हणाला. टपरीवाल्याने मान वर न करता पाकिटातून एक पुढे केली. भाच्याने खिसे चाचपले, सुट्टे नव्हते. मग फोन काढून त्याने फळीवरच्या चौकोनापुढे धरला.