डोलकाठी आणि मनोरा

१/ ११४३ किलोहर्ट्झ ही मध्यम लहरींवरील आकाशवाणी रत्नागिरीची जुनी ओळख. या लहरी जमिनीलगत दूरवर जातात. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत धावतात. त्यांना उंची हवी. पुण्याला ती सिंहगडाने दिली. सपाट नेदरलँड्सने काय करावे?

२/ कोकणी गलबतात डोलकाठी दोरांनी ताणून धरलेली असते. तेच तत्त्व आयसेलस्टाइन येथे १९६१ मध्ये उभे राहिले: खाली सुमारे १०० मीटरचा स्वतःच्या बळावर उभा काँक्रीटचा मनोरा, वर तारांनी ताणलेला धातूचा स्तंभ. तेव्हा एकूण उंची ३८० मीटरांहून अधिक होती.

३/ स्मिल्डे येथील मनोराही याच जातीचा. १५ जुलै २०११ रोजी आगीत त्याचा स्तंभ कोसळला. काँक्रीटचा तळ उभाच राहिला. २०१२ मध्ये त्याच तळावर नवी डोलकाठी चढली.