कुलपे अनेक, किल्ल्या कोणाच्या?

सत्ता एका हातातून काढून शंभर हातांत वाटली म्हणजे सामान्य माणूस आपोआप सुरक्षित होतो, ही समजूत चळवळीत वाढलेल्या आम्हां लोकांच्या अंगवळणी पडली आहे. विकेंद्रित समाजमाध्यमांचा अल्पसा इतिहास ती तपासून पाहावयास लावतो.

२०१० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा' या जाळ्याची कल्पना मांडली. सर्वांची माहिती एका कंपनीच्या कोठारात साठविण्याऐवजी अनेक लहान सर्व्हरांवर ठेवावी, हा तिचा गाभा. लोकांनी सुमारे दोन लाख डॉलर वर्गणी दिली. २०१६ साली जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी 'मॅस्टोडॉन' सुरू केले. जानेवारी २०१८ मध्ये 'ॲक्टिव्हिटीपब' ही अशा सर्व्हरांची समाईक बोली अधिकृत मानक ठरली.

आपल्या देशात हे नाव गाजले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले होते. निमित्त होते एक छायाचित्र. १९३६ साली हाम्बुर्गच्या जहाज-कारखान्यात सारे कामगार नाझी सलाम ठोकीत असता एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र. हा नकारच द्वेषाचा प्रचार ठरावा, याची अनेकांस चीड आली आणि पुष्कळ लोक मॅस्टोडॉनकडे वळले. ती चीड रास्तच होती. परंतु मालक बदलला म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

मॅस्टोडॉनवरील 'खाजगी' संदेश हा पाकीटबंद पत्रासारखा नसून पोस्टकार्डासारखा असतो. ज्या सर्व्हरांवर तो साठतो, त्यांच्या चालकांनी मनात आणले तर तो वाचता येतो. आपण लिहिलेले आपण पुसले, तरी जेथे जेथे ते पोचले तेथे तेथे ते पुसले जाईलच, याची हमी नाही.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत याचा प्रत्यय आला. 'कोलेक्टिव्हा' या चळवळ्या लोकांच्या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरी एफबीआयने छापा घातला. प्रकरण सर्व्हरशी संबंधित नव्हते. तथापि जप्त झालेल्या सामानात सर्व्हरच्या माहितीची एक प्रत होती व तिला सांकेतिक लिपीचे कुलूप नव्हते. सभासदांचे ईमेल पत्ते व खाजगी संदेशही तिच्याबरोबर गेले. सभासदांस हे कळले कित्येक आठवड्यांनी! त्याच वर्षी जुलैत मॅस्टोडॉनच्या आज्ञावलीत सर्व्हरचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकेल असा दोष आढळला. दुरुस्ती तत्काळ प्रसिद्ध झाली; पण ती बसविणे ज्या त्या चालकाच्या दक्षतेवर सोडलेले होते.

कामगार संघटनेत सभासदांची वही कोणाच्या घरी राहते, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो. ती वही भलत्या हाती पडली, तर पहिली भाकरी जाते ती सभासदाची, पुढाऱ्याची नव्हे. तोच प्रश्न येथेही विचारावयास हवा. आमचा सर्व्हर कोण चालवितो? नोंदींच्या प्रती कोठे ठेवतो? छापा पडल्यास आम्हांस केव्हा कळवील?

या माध्यमांकडे पाठ फिरवा, असे आमचे म्हणणे नाही. चावडीवर बोलावयाचे ते तेथे खुशाल बोलावे. मात्र संपाच्या तयारीतील सोबत्यांची नावे चावडीवर घेऊ नयेत. सत्ता वाटली गेली तेव्हा जबाबदारीही वाटली गेली, आणि तिचा एक वाटा आपल्या पदरी आला आहे.