धनुर्वाद्य ते गिटार : झुलू मस्कंदा आणि स्त्रियांचा सूर

दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषकांच्या गिटार-संगीताला ‘मस्कंदा’ म्हणतात. हा शब्द मुळात झुलू नाही. आफ्रिकान्स भाषेतील ‘मुसिकांट’, म्हणजे वादक, ह्या शब्दाने झुलू उच्चारांतून जाताना घेतलेले हे रूप आहे. ह्या संगीताविषयीच्या लेखनात एक चित्र बहुधा ठरलेले असते : कामाच्या शोधात खेडे सोडून डर्बन वा जोहान्सबर्गकडे निघालेला तरुण, गळ्यात गिटार, आणि पावलांच्या ठेक्यावर वाट चालता चालता चाललेले वादन. चित्र खोटे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे संगीत घडले ते अशाच वाटांवर आणि शहरांतील पुरुष-मजुरांच्या वसतिगृहांत. परंतु ह्या चित्राचा आधार घेऊन ‘मस्कंदा ही पुरुषांची परंपरा, स्त्रिया तीत अलीकडे आल्या’ असे जे विधान सर्रास केले जाते, ते तपासून पाहण्याजोगे आहे. त्यातील ‘आल्या’ ह्या क्रियापदापाशीच खरा घोटाळा आहे.

गिटार येण्यापूर्वी झुलू समाजात एकट्याने गाताना साथीला घ्यावयाचे मुख्य वाद्य म्हणजे संगीत-धनुष्य. त्याचे दोन प्रकार महत्त्वाचे. ‘उगुभू’ हा जुना. एक मोठी कमान, तिला एकच तार आणि खालच्या टोकाशी बांधलेला पोकळ भोपळा. दुसरा ‘उमाखवेयाना’, हा एकोणिसाव्या शतकात शेजारच्या त्सोंगा लोकांकडून आला असे मानले जाते. ह्यात भोपळा कमानीच्या मध्याजवळ असतो आणि तिथेच एका फाशाने तार ओढून धरलेली असल्यामुळे तिचे दोन भाग पडतात. पातळ काडीने तारेवर आघात करावयाचा. दोन भागांतून दोन मूळ स्वर निघतात. बोटाच्या पेराने तार दाबली की तिसरा. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून गाणे कसे उभे राहते? त्याचे उत्तर भोपळ्याच्या उघड्या तोंडात आहे. हे तोंड वादक आपल्या छातीशी धरते, कधी किंचित दूर नेते, कधी पुन्हा टेकवते. ह्या उघडझापीने मूळ स्वरात दडलेले वरचे उपस्वर एकेक करून ऐकू येऊ लागतात, आणि त्यांच्यातून गाण्याची चाल सूचित होते. म्हणजे वाजवणारीचे शरीर हाच वाद्याचा एक भाग होतो. आवाज इतका हळू की तो तिला स्वतःला आणि फार तर शेजारी बसलेल्या दोघीतिघींना ऐकू यावा.

उमाखवेयाना हे प्रामुख्याने अविवाहित मुलींचे वाद्य होते. प्रेम, रुसवा, प्रियकराची वाट पाहणे, त्याने दिलेला दगा हे त्या गीतांचे विषय. लग्न झाले की धनुष्य बाजूला ठेवावयाचे, असा संकेत होता. ह्या संकेतामुळे एक गोष्ट घडली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष पुरेसे जात नाही असे मला वाटते. ज्या वयात कलावंताची कला पिकते, त्या वयात ह्या स्त्रियांच्या हातून वाद्य सुटत असे. परंपरा चालू राहिली, पण ती नेहमी सतरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या हाती. जाणत्या वयाची उस्ताद स्त्री तीत अपवादानेच निपजणार.

आता गिटारकडे येऊ. डेव्हिड रायक्रॉफ्ट ह्यांनी झुलूंच्या शहरी संगीतातील जुन्या शैलीच्या खुणा दाखवून दिल्या, आणि जॉनी क्लेग ह्यांनी स्वतः वसतिगृहांतील वादकांकडून शिकून स्थलांतरित मजुरांच्या गिटार व कॉन्सर्टिना-वादनाविषयी लिहिले. क्लेग पुढे जगप्रसिद्ध गायक झाले, तरी त्यांचे हे काम विसरण्याजोगे नाही. ह्या अभ्यासांतून दिसते ते असे : गिटारने झुलू संगीत बदलले हे खरे, पण त्याआधी झुलू वादकांनी गिटार बदलून घेतली. पहिली तार एक स्वर खाली उतरवली गेली. सुरुवातीच्या काळात तारांवर सरसकट हात मारून साथ करण्याची रीत होती, तिला ‘उकुवांबा’ म्हणत. पुढे ‘उकुपिका’ ही बोटांनी एकेक तार छेडण्याची शैली रुजली. तिचे श्रेय सहसा जॉन भेंगू (१९३०–१९८५) ह्यांना दिले जाते. न्कांडला भागातून डर्बनला आलेला हा वादक ‘फुझुशुकेला’, म्हणजे ‘साखर पिणारा’, ह्या नावाने ओळखला जाई. ह्या शैलीत अंगठा खालच्या तारांवर मोजके स्वर आलटून पालटून धरून ठेवतो आणि बोटे वरच्या तारांवर चाल विणतात. गळा मात्र वाद्याबरोबर सुरू न होता मागाहून, दुसऱ्याच जागी प्रवेश करतो. आता धनुष्याच्या तारेचे ते दोन मूळ स्वर, त्यांवर तरंगणारे उपस्वर आणि तारेच्या आवर्तनात आडव्या जागी शिरणारा मुलीचा आवाज आठवावा. अंगठ्याने कोणाचे काम उचलले आहे हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

अर्थात सगळे श्रेय धनुष्याला देणे हाही एकांगीपणा होईल. मस्कंदात पुरुषांच्या नृत्यगीतांचा ठेका आहे, कॉन्सर्टिनाची लकब आहे, शहरात ऐकलेल्या परक्या सुरावटीही आहेत. तरीसुद्धा सुरुवातीच्या गिटार-गीतांमागे मुलींच्या धनुर्गीतांचा साठा होता, आणि तो पुरुषांनी उचलला, एवढे निश्चित म्हणता येते.

मग त्या मुलींनीच गिटार का उचलली नाही? ह्याचे उत्तर संगीतात शोधून सापडणार नाही. ते कायद्याच्या पुस्तकात आहे. नाताळ वसाहतीने १८९१ मध्ये देशी लोकांसाठी जी कायदासंहिता लागू केली, तिने आफ्रिकी स्त्रीला आजन्म अज्ञान ठरवले. बाप, नवरा वा मुलगा असा कोणीतरी पुरुष तिचा पालक. १९१३ च्या जमीन कायद्याने शेतीचा आधार तोडला आणि पुरुष खाणींकडे, गोद्यांकडे, शहरी घरकामाकडे लोटले गेले. शहरात त्यांच्यासाठी वसतिगृहे होती. तिथे स्त्रीला जागा नव्हती. घर, शेत, गुरे, म्हातारी माणसे ह्यांची राखण तिच्याकडे आली. पुढे शहरांत वावरण्याच्या परवान्यांची सक्ती स्त्रियांवरही आली, तेव्हा तिच्याविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रियांनी प्रिटोरियावर मोर्चा नेला. मस्कंदाचा नायक हा चालणारा माणूस आहे असे म्हणताना, कोणाला चालण्याची मुभा होती हा प्रश्न सोबत विचारला पाहिजे. गिटार मजुरीच्या रोख पैशातून विकत घेतली जाई आणि वाटेवर वाजवली जाई. पैसा आणि वाट, दोन्ही गोष्टी तिच्या आवाक्याबाहेर ठेवलेल्या होत्या.

ह्या पार्श्वभूमीवर राजकन्या कॉन्स्टन्स मागोगो (१९००–१९८४) ह्यांचे नाव घेतले पाहिजे. राजा दिनुझुलूची ही मुलगी. १९२६ मध्ये बुथेलेझी घराण्यात विवाह झाला. राजकारणी मांगोसुथू बुथेलेझी हे त्यांचे चिरंजीव. लग्नानंतर धनुष्य बाजूला ठेवण्याचा संकेत त्यांनी पाळला नाही. त्या उगुभू वाजवत राहिल्या, नवी गीते रचत राहिल्या. सामान्य घरातील सुनेला हे जमले असते काय? राजघराण्याचे पाठबळ होते म्हणून ही कला साठ-सत्तर वर्षे एका गळ्यात पिकू शकली, हे मान्य केलेच पाहिजे. १९७३ मध्ये ह्यू ट्रेसी ह्यांच्या संगीतमालेत त्यांच्या धनुर्गीतांची तबकडी निघाली. तोवर मस्कंदाच्या तबकड्या झुलू नभोवाणीवरून घरोघर पोचल्या होत्या. परिणामी ऐकणाऱ्यांच्या कानांत क्रम उलटा बसला : गिटार आधीची आणि धनुष्य हे संग्रहालयातील वस्तूप्रमाणे नंतर सापडलेले.

साहित्याच्या अभ्यासकांना मस्कंदाचा आणखी एक घटक जवळचा वाटेल. गाण्याच्या आरंभी ‘इझिह्लाबो’ हा वेगवान, मोकळा स्वरविस्तार येतो. त्यात वादक आपली तार आणि आपले कसब दोन्ही पारखून दाखवतो. मग गीत. मध्येच गाणे थांबल्यासारखे होते, वादन चालूच राहते, आणि गायक अतिशय भरभर बोलू लागतो : आपले कूळ, गाव, नदी, सरदार, आपले पराक्रम. ही ‘इझिबोंगो’, मराठीत बिरुदावली म्हणता येईल. राजांच्या बिरुदावल्यांचा अभ्यास पुष्कळ झाला, त्यामुळे हा प्रकार पुरुषीच असा समज पक्का झाला होता. लिझ गनर ह्यांनी १९७९ च्या एका निबंधात तो मोडून काढला. झुलू स्त्रियाही स्वतःच्या बिरुदावल्या रचत आणि आपापसांत म्हणून दाखवत. अनेक बायका असलेल्या घरात सवतीवर वा नवऱ्यावर उघड बोट ठेवता येत नसे. बिरुदावलीच्या आडोशाने ते साधे. म्हणजे मस्कंदाच्या वाद्यभागाप्रमाणे त्यातील शब्दभागालाही स्त्रियांची स्वतःची परंपरा होती. ती अंगणात राहिली आणि पुरुषांची ध्वनिमुद्रणगृहात गेली, इतकाच फरक.

ध्वनिमुद्रणाच्या जगात ही कोंडी फोडणारे नाव बुसी म्हलोंगो (१९४७–२०१०) ह्यांचे. डर्बनजवळच्या इनांडाच्या ह्या गायिकेने बरीच वर्षे युरोपात व इतरत्र काढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘अर्बन झुलू’ ह्या संग्रहात त्यांनी मस्कंदाची चौकट घेतली आणि आपल्या आवाजाने ती आतून ताणली. हा आवाज गोड नाही. तो ओरखडतो, ओरडतो, मध्येच कुजबुजतो. पुरुष मस्कंदी ज्या तोऱ्याने स्वतःची ओळख पुकारतो तो तोरा इथे आहे, पण त्याबरोबर कुटुंब, पैसा, हिंसा ह्यांविषयीची स्त्रीची तक्रारही आहे. गिटार मात्र इथेही पुरुष वादकांच्या हाती.

हाच प्रश्न ‘इझिंगाने झोमा’ ह्या लोकप्रिय स्त्री-गटाबाबत वेगळ्या रीतीने उभा राहतो. ह्या गटाने जेकब झुमा ह्यांच्या समर्थनार्थ ‘म्शोलोझी’ हे गीत गायिले. म्शोलोझी हे झुमांचे कुळनाम. झुमा १९९९ ते २००५ ह्या काळात उपाध्यक्ष होते. २००५ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. २००६ मध्ये बलात्काराच्या आरोपावरून खटला चालून ते निर्दोष सुटले. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्या वादळी काळात स्त्रियांच्या आवाजातील हे गीत झुमांच्या बाजूने उभे होते. स्त्री-आवाज ऐकू आला की त्यातून स्त्रीची बाजूच ऐकू येईल, ही आपली, विशेषतः वर्गात शिकवणाऱ्यांची, लाडकी अपेक्षा आहे. हे गीत ती मोडते. पण म्हणून त्या गायिकांना कोणाच्या तरी हातच्या बाहुल्या ठरवणेही घाईचे होईल. कुळनामाने पुकारणे, सरदाराच्या बाजूने वा विरुद्ध गाणे हे मस्कंदाचे जुनेच काम; तो अधिकार त्या बजावत होत्या.

तुलनेसाठी शेजारच्या ङ्देबेले समाजाकडे पाहता येते. तिथे नोथेंबी म्ख्वेबाने ह्या मण्यांच्या पारंपरिक वेशात, स्वतः गिटार वाजवत गातात, आणि त्यांच्याकडे ङ्देबेले संगीताच्या प्रमुख प्रतिनिधी म्हणूनच पाहिले जाते. भाषा झुलूच्या जवळची, वाद्यही तेच. तेव्हा गिटार आणि स्त्री ह्यांचे वाकडे आहे असे कोणी म्हणू नये.

झुलू मस्कंदात एक चमत्कारिक उदाहरण नावांचे आहे. २००१ मध्ये निधन पावलेल्या एका अतिशय लोकप्रिय पुरुष मस्कंदीचे रंगमंचीय नाव ‘म्फाझोम्न्यामा’ होते. त्याचा शब्दशः अर्थ ‘काळी बाई’. त्यांच्या एका गाजलेल्या संग्रहाच्या नावात गायक आईला सांगतो की मी काम केले आहे. गावी राहिलेली बाई अशी नावात येते, संबोधनात येते. २००२ मध्ये मात्र डर्बनला म्झिलिकाझी खुमालो ह्यांची झुलू भाषेतील संगीतिका रंगमंचावर आली तेव्हा नायिका राजकन्या मागोगो होती. सिबोंगिले खुमालो ह्यांनी ती भूमिका गायिली आणि छातीशी धरून हळूच वाजवायची ती गीते पाश्चात्त्य वाद्यवृंदासह नाट्यगृहात उभी राहिली.