यवनांची वाइन आणि जुन्नरचा भोजनमंडप

सुरुवातीलाच एक कबुली देतो. बारा वर्षांपूर्वी आमच्या पावणे गावच्या गणेशोत्सवात मी ‘आपली खाडी आणि रोम’ या विषयावर बोललो होतो आणि पुढे तेच भाषण एका स्मरणिकेत छापूनही आले. नहपानाच्या काळात रोमन वाइनचे कुंभ भरलेली यवनांची गलबते घारापुरीला थांबून आपल्या गावावरून ठाण्याकडे आणि तिथून कल्याणला जात, असे त्यात मी ठासून सांगितले होते. लोकांना ते फार आवडले. अजूनही कुणी पाहुणा आला की गावातली मंडळी त्याला ते ऐकवतात. त्यातले निम्मे चुकीचे आहे, म्हणून हा लेख.

मी काही पदवीधर पुरातत्त्वज्ञ नाही. तीस वर्षे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीची नोकरी केली आणि रात्रपाळी नसेल तेव्हा वाचत गेलो. अशा वाचकाचे एक ठरलेले दुखणे असते. जे वाचायला आवडते ते तो आधी वाचतो आणि अडचणीचे पान पुढे ढकलतो.

माझे अडचणीचे पान ‘पेरिप्लस’मध्येच होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ही सागरी मार्गदर्शिका. भडोचला, म्हणजे त्याच्या भाषेत बारिगाझाला, काय खपते याची यादी तो देतो. त्यात वाइन अगदी वरच्या जागी आहे. इटलीची वाइन लोकांना जास्त पसंत, शिवाय सीरियातल्या लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. नंतर राजासाठी आणायच्या वस्तू तो वेगळ्या सांगतो: चांदीची भारी भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उत्तम वाइन, तलम वस्त्रे, उंची सुगंधी लेप. (माणसे आणि भांडी एकाच ओळीत. वाइनच्या रम्य कथा सांगताना ही ओळ आपण वगळतो, मीही वगळली होती.) हा राजा म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

वाइन यादीत दोनदा येते, हे मला महत्त्वाचे वाटते. एक राजाच्या ताटाशेजारची आणि दुसरी बाजारातली. केवळ राजालाच ती परवडत असती, तर व्यापाऱ्याला ‘इटलीची जास्त पसंत’ असे लिहायचे कारण नव्हते. आवडनिवड सांगायला चार गिऱ्हाइके लागतात. द्राक्षांचे मद्य आपल्याकडे अगदीच अपरिचित होते असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षांच्या रसापासून केलेल्या ‘मधु’ची नोंद आहे आणि त्याची कापिशायन, हारहूरक ही नावे वायव्येकडे बोट दाखवतात. म्हणजे दख्खनच्या श्रीमंताला ते दुरून येणारे, मिरवायचे पेय म्हणून ठाऊक असणार.

आता अडचणीचे पान. त्याच पुस्तकात कल्याणविषयी लिहिले आहे की थोरल्या सारगनाच्या काळी ते रीतसर बंदर होते, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे अडथळा आला. तिथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे ज्या काळात मी यवनांची गलबते पावण्यावरून नेली, नेमक्या त्याच काळात तो रस्ता बंद होता! वाइन भडोचला उतरत असणार. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला येई असे हाच लेखक सांगतो, तेव्हा परतीच्या गाड्यांत काही कुंभ घाटावर गेले असतील, असा तर्क करता येतो.

दुसरी चूक खापरांची. रोमन अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा कुंभ. इटालियन जातीच्या एका कुंभात साधारण २६ लिटर मावत. नेपल्सच्या आखाताकडचा असेल तर खापरात ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण डोळ्यांना दिसतात. पश्चिम भारतात अशी खापरे सापडली की ‘रोमन’ अशी चिठ्ठी लावायची पद्धत होती. रोबर्टा टोंबर या अभ्यासक बाईंनी ती पुन्हा तपासली आणि २००७ मध्ये दाखवून दिले की त्यांतली बरीच मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत. त्यांना कान नसतात, आतून डांबराचा लेप असतो आणि ते बहुतांशी नंतरच्या शतकांतले असतात. घारापुरीच्या किनाऱ्यावर दोन्ही प्रकार मिळतात. मी मात्र प्रत्येक खापरात इटली पाहत होतो.

म्हणून सगळेच खोटे का? नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेला काशाचा पोसायडन आहे आणि त्याच्याबरोबर मिळालेली, मद्य ओतायची कानाची सुरई आहे. पोसायडनपाशी सगळे थांबतात. मी सुरईपाशी तासभर उभा होतो. समुद्र आणि सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी पंगतीत ती फिरली असेल. पाहारेकऱ्याने शेवटी विचारले, “काका, काही हरवलंय का?”

यवन इथे नुसते येऊन गेले नाहीत, राहिलेही. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. जुन्नरला तर चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघाला ‘भोजनमटपो’, म्हणजे भोजनमंडप, दान दिल्याचा लेख आहे. परमुलखात रुजलेल्या या माणसाने जेवायची जागा कोरून द्यावी, तीही मद्य वर्ज्य असलेल्या भिक्षूंसाठी! स्वतःच्या घरी तो काय पीत होता ते लेखात नाही. जुन्नरजवळच्याच नारायणगावला १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन काढली आणि तिची निर्यात केली. पुढे २००० पासून नाशिकच्या ‘सुला’ने ती मध्यमवर्गीय टेबलावर आणली. चिटाच्या भोजनमंडपापासून नारायणगाव हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग. त्यातून परंपरा काढायचा मोह मी या वेळी आवरतो.

गेल्या दिवाळीत मुलीने नाशिकहून बाटली आणली. घरात निवट्यांचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी ग्रीकांच्या रिवाजाप्रमाणे पेल्यात पाणी ओतले, तर ती म्हणाली, “बाबा, वाट लावलीत तुम्ही तिची.” मग मी तिला हे सगळे सांगितले, चुकांसह. तिचा एकच प्रश्न होता, “गावात कधी सांगणार?”

यंदाच्या गणपतीत सांगितले. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, “मंग बारा वर्सां आमी पावण्यांना काय सांगत व्हतो रं?”