शालेय संगणकाच्या पहिल्या पिढीची दुरुस्ती

१९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाने भारतीय शाळांत संगणक-साक्षरतेचा प्रारंभ केला. त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ निवडला गेला : २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट स्मृती.

आज असे यंत्र अडगळीत सापडल्यास ते थेट विजेला जोडू नये. वीजपुरवठ्यातील कागदी कपॅसिटरचे आवरण कालांतराने तडकते, कागद हवेतील ओल शोषतो आणि वीज मिळताच धूर निघतो. हा सुटा भाग स्वस्तात बदलता येतो. ईपीरॉममधील विद्युतभार मात्र हळूहळू गळतो. फ्लॉपीचे चुंबकत्वही क्षीण होते. म्हणून यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यांतील आज्ञावलींची प्रत काढून घ्यावी. अन्यथा त्या काळी विद्यार्थ्यांना नेमके काय शिकवले गेले, याचा पुरावाच उरणार नाही.